तलावाला ओवा चालतो का?

त्या दिवशी आमच्या घरात सगळेच थकलेले होते. मी तापातून नुकती उठले होते म्हणून, माय मला उठवता उठवता झिजली होती म्हणून, आबाजी म्हातारे म्हणून आणि बगळ्या त्याची बॅटरी जुनी म्हणून. ऑक्टोबरचं ऊन तेवढं ताजंतवानं होतं आणि अंगणात ऐसपैस पसरलं होतं.

बगळ्या म्हणजे पक्षी नव्हे. तो यंत्रमानव आहे. उथळ पाण्यात उभं राहून पाणी तपासायचं, हे त्याचं काम. दोन लांब काटकुळे पाय, वर पेटीएवढं पोट आणि पुढे नळीसारखी चोच. चोचीनं पाणी ओढायचं, पोटात तपासायचं आणि जे सापडेल ते मोठ्यानं सांगायचं. यातलं शेवटचं काम तो जरा जास्तच मन लावून करतो. माझे आबाजी, म्हणजे मायचे वडील, नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. ते निवृत्त झाले तेव्हा बगळ्यालाही भंगारात काढणार होते. आबाजी त्याला उचलून आमच्या गावी, तलावाकाठच्या आमच्या घरी घेऊन आले. दोघं जोडीनंच रिटायर झाले, असं माय म्हणते.

"पाणीसाठा क्रमांक दोनची नोंद घ्यावी," बगळ्या अंगणातून म्हणाला. खिडकीला लावलेल्या कूलरच्या सावलीत तो पाय दुमडून बसला होता.

"गप राय ना बावा," आबाजी डोळे न उघडता म्हणाले. "एकच तलाव आहे गावात. दुसरा कुठून आनला?"

तेवढ्यात माय आली. तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. तो तिनं ओसरीवर ठेवला आणि स्वतःही धप्पकन तिथंच बसली. डब्याचं झाकण घट्ट होतं, तरी ओव्याचा वास घरभर पसरला.

माझी माय, प्रणाली, मासेमार बायकांच्या गटाची प्रमुख आहे. या तलावात बेशरमी (काठापाण्यात माजणारं रानटी झुडूप) वाढून मासे संपत आले होते, तेव्हा कमरेएवढ्या चिखलात उभं राहून तिनं आणि बाकीच्या बायकांनी ती उपटली आणि पाणवनस्पती लावल्या. मग मासे परत आले. जोडधंदा म्हणून गटानं तेलाची भट्टीही काढली आहे. तिथं निलगिरीचा पाला, गवती चहा आणि ओवा वाफेवर शिजवून त्यांचं तेल काढतात. अशा तेलाला बाष्पनशील तेल म्हणतात (उघडं ठेवलं की हवेत उडून जाणारं, वासाचं तेल).

"उद्या सकाळी डोंगे काढून तलावात टाकतो हे," माय म्हणाली (डोंगा म्हणजे लहान होडी). "काठाकाठानं. भट्टीवर असे लई डबे भरून आहेत. मच्छर एका दमात मरतील."

गावात घरोघरी डेंग्यूचा ताप होता. मी दवाखान्यात होते तेव्हा माय रोज संध्याकाळी नर्सताईंना एकच प्रश्न विचारायची, "रातभर पुरंल ना सलाइन?" ताई रोज "पुरेल" म्हणायच्या. तरी माय रात्रभर बाटलीकडे बघत बसायची. मी तापात होते, पण एवढं मला आठवतं.

"ओवाच काहून?" आबाजींनी डोळे उघडले. "निलगिरी नाई, गवती चहा नाई. ओवाच काहून?"

"सभेत ठरलं, बाबा. निलगिरीनं डोळे झोंबतात, म्हंजे ते जहाल. गवती चहा मधला. आन् ओवा आपन बाळंतिनीले देतो, तान्ह्या लेकराचं पोट शेकतो त्यानं. जे लेकराले चालते, ते तलावाले काहून नाई चालनार?"

खरं सांगायचं तर मलाही ते अगदी पटलं. तुम्हालाही पटलं असेल.

"झाडाचं आहे म्हंजे बिनविषारी, असं नसते प्रणाली," आबाजी म्हणाले. "तुमी अळ्या मारायले जाल आन् तलाव माराल."

"बाबा, मी थकली," माय म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही, एवढी ती थकली होती. "मले आता काई शिकवू नका. तलाव मी पुन्हा उभा करीन. पोरगी पुन्हा नाई होनार."

मग ती भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मला रडू येत होतं. माझ्या तापापायी तलाव मरणार, आणि तोही मायच्या हातून, हे मला सहन होईना.

"आबाजी, तपासून बघा ना," मी हळूच म्हणाले.

"नीट तपासायचं तर डझनांनी बाटल्या लागतात, यामिनी. प्रत्येक बाटलीत वेगळी मात्रा टाकायची आन् शैवाल किती वाढते ते तीन दिवस पाहायचं. आपल्यापाशी ही एक दुपार आहे." त्यांनी सुस्कारा सोडला. "आन् बगळ्याच्या बॅटरीत चार बाटल्यांचाच जीव आहे."

"चार पूर्णांक दोन बाटल्यांचा," बगळ्या म्हणाला.

"मग?"

"मंग आधी न तपासता सांगायचं. अंदाज करायचा."

"म्हणजे ज्योतिष?"

आबाजींना हसू आलं, पण तेही अर्ध्यातच थांबलं. "ज्योतिषी आधी भविष्य सांगते आन् चुकलं की कारन शोधते. आपन आधी कारन सांगायचं, मंग आकडा सांगायचा, आन् चुकायची तयारी ठेवायची. जाय, दुपारच्या भाजीचं गंज घेऊन ये."

मी स्वयंपाकघरातून गंज (पातेलं) आणलं. वांग्याच्या रश्श्यावर तर्री (वर तरंगणारं लाल तेल) दाटून आली होती.

"ही लाल काहून?"

"तिखटामुळे."

"तिखट तर सगळ्या भाजीत टाकलं होतं. मंग रंग वरच काहून गोळा झाला? आन् मीठ? निव्वळ तर्री चाखून पाह्य."

मी बोटानं तर्री चाटली. झणझणीत होती, पण खारट जवळजवळ नव्हती. मीठ सगळं खालच्या पाण्यात राहिलं होतं.

"प्रत्येक पदार्थाले आपली जागा आवडते," आबाजी म्हणाले. "मिठाले पानी आवडते, मिरचीच्या रंगाले तेल. एखादा पदार्थ पान्यापेक्षा तेलात किती पटीनं जास्त जाते, ते मोजता येते. प्रयोगशाळेत त्याले लांबलचक नाव आहे. मी आपलं त्याले तेलओढ म्हनतो."

"पण तलावात तेल कुठं आहे?"

"तेच तर! तलावात नाई, शैवालात आहे."

शैवाल म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक हिरवे जीव. एकेकटं शैवाल डोळ्यांना दिसत नाही, कारण ते एकाच पेशीचं असतं. सगळी मिळून असली की पाणी हिरवट दिसतं, एवढंच. ती उन्हात स्वतःचं अन्न तयार करतात आणि ते करताना पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांना बारीक किडे खातात, किड्यांना मासळीची पिल्लं खातात. रात्री ऊन नसतं, तेव्हा सगळा तलाव दिवसा साठलेल्या प्राणवायूवर श्वास घेतो. शैवाल गेलं की माशांचं जेवणही जातं आणि श्वासही.

या एका पेशीभोवती एक पातळ स्निग्ध आवरण असतं. त्याला पेशीपटल म्हणतात (पेशीची कातडीच म्हणा). ते तेलकट असतं. ज्या पदार्थाची तेलओढ जास्त, तो पाण्यातून सुटून या पटलात घुसून बसतो, मिरचीचा रंग तर्रीत बसतो तसा. पटल सैल पडतं, गळायला लागतं आणि आतली अन्न शिजवणारी चूल विझते.

"म्हणजे तेलओढ जास्त, तर विष जास्त," मी म्हणाले.

"बरोबर. आता आपल्या तेलात काय काय आहे ते पाहू. तेल हा एक पदार्थ नसते, तो पदार्थांचा मेळा असते. ऊठ रे बगळ्या, वास घे."

बगळ्या कुरकुरत उठला. मायनं भट्टीवरून तिन्ही तेलांचे नमुने घरी आणून ठेवलेले होतेच. त्यानं एकेका बाटलीवर चोच धरली आणि सांगितलं. निलगिरीत मुख्यतः सिनिओल. गवती चहात मुख्यतः सिट्रल. ओव्यात निम्म्याच्या आसपास थायमॉल आणि उरलेल्यात बहुतेक त्याचे दोन सोबती, सायमीन आणि टर्पिनीन.

"पाणीसाठा क्रमांक दोनचीही नोंद घ्यावी," तो जाता जाता म्हणाला. आम्ही दुर्लक्ष केलं.

आबाजींनी खडू घेतला आणि वाकायला होत नसल्यामुळे माझ्या हातात दिला. ओसरीच्या फरशीवर त्यांनी मला एक आडवी आणि एक उभी रेघ काढायला लावली. आडवीवर तेलओढ, उभीवर अर्धमात्रा.

"अर्धमात्रा म्हंजे शैवालाची वाढ निम्मी करायले पदार्थ किती लागते ते. ध्यानात ठेव, अर्धमात्रा जेवढी कमी, तेवढं विष जहाल."

मग त्यांनी आयुष्यभरात तपासलेले पदार्थ एकेक करून आठवले. मी ठिपके देत गेले. माझे पाय अजून तापानं लटपटत होते, म्हणून मी बसल्या बसल्या सरकत होते. हळूहळू ठिपक्यांची एक तिरकी रांग दिसायला लागली. तेलओढ वाढेल तशी अर्धमात्रा उतरत होती. मी रांगेमधून रेघ ओढली.

"झालं," आबाजी म्हणाले. "आता जो पदार्थ आपन कधी तपासला नाई, त्याची फक्त तेलओढ माहीत असली तरी पुरे. या रेघेवर बोट ठेवायचं, अर्धमात्रा कळते."

सिनिओल पाण्यापेक्षा तेलात साधारण पाचशे पटींनी जास्त जातं. सिट्रल हजार पटींनी. थायमॉल दोन हजार पटींनी. सायमीन दहा हजारांच्याही वर आणि टर्पिनीन त्याहून पुढे. मी रेघेवर बोट सरकवत नेलं. ज्याला सगळं गाव जहाल म्हणत होतं ते निलगिरीचं सिनिओल वर, सौम्य बाजूला होतं. लेकराच्या पोटाला चालणारा ओवा पार खाली होता.

"पण मेळ्याचा हिशेब कसा करायचा? ओव्यात तर तिघं आहेत."

"शैवालाची सोसायची ताकद म्हंजे एक वाटी समज. थायमॉल ती थोडी भरते, सायमीन थोडी, टर्पिनीन थोडी. कोनी एकट्यानं भरली नसंल तरी तिघं मिळून भरतात. वाटी भरली की वाढ निम्मी झाली."

आम्ही तिन्ही तेलांच्या वाट्या भरून पाहिल्या, खडूनंच. जेवढ्या मात्रेत ओव्याची वाटी काठोकाठ भरत होती, तेवढ्याच मात्रेत गवती चहाची अर्धी आणि निलगिरीची पावच भरत होती.

"पण मग लेकराला का चालतो ओवा?" मी विचारलं. मला हे काही केल्या उमगत नव्हतं.

"तू लेकराले चिमूटभर दाने देते. डब्यात पोत्यापोत्यांचा अर्क आहे. आन् लेकराले यकृत असते, ते आलेलं विष फोडून बाहेर टाकते. शैवालाले ना पोट, ना यकृत. बिचारं एकाच पेशीचं. पळून जायलेही पाय नाईत."

माय जागी झाली तेव्हा फरशीभर खडू होता. ती रागावेल असं मला वाटलं. पण तिनं नुसतं बघितलं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"माय, आम्ही अजून एक थेंबही टाकला नाही. पण आधीच सांगते. ओवा सगळ्यात वाईट, बगळ्याच्या प्रकाशात शैवाल उजळतं तो उजेड त्याच्या बाटलीत निम्म्यावर येईल. निलगिरीत जरासा उतरेल. गवती चहा मधे. चुकले तर तू खुशाल टाक ओवा."

आबाजींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. माय तिथंच बसून राहिली.

मी तलावातून हिरवं पाणी आणलं आणि चार बाटल्यांत ओतलं. तीन बाटल्यांत तीन तेलं सारख्या मात्रेत टाकली. चौथीत काहीच नाही. ती तुलनेची बाटली (आपोआप काय होतं ते कळण्यासाठी). "बुचं घट्ट लाव," आबाजी म्हणाले, "नाई तर तेल उडून जाईन आन् आपन साध्या पान्याची परीक्षा घेत बसू." मग बाटल्या उजेडात, पण उन्हाची तिरीप लागणार नाही अशा ठेवल्या आणि वाट बघत बसलो. वाट बघण्यानं माणूस किती थकतो, ते मला त्या दुपारी कळलं.

ऊन उतरल्यावर बगळ्यानं एकेका बाटलीवर निळा प्रकाश टाकला. असा प्रकाश पडला की शैवाल मंद लालसर उजळतं आणि त्या उजेडावरून त्याची चूल पेटलेली आहे की विझत चालली आहे, ते बगळ्याला कळतं. वाढीची पुरती परीक्षा तीन दिवसांचीच, पण दुखणं सुरू झालं की ते इथं आधी दिसतं.

"तुलनेची बाटली, पूर्ण उजेड. निलगिरी, किंचित कमी. ओवा," बगळ्या थांबला, "निम्म्याहून कमी."

मायनं डोळे मिटून घेतले.

"गवती चहा, तोही निम्म्याहून कमी."

"काय?" मी ओरडलेच. "तो तर मधे यायला हवा होता! आबाजी, आपण चुकलो."

पण आबाजींच्या चेहऱ्यावर दुपारपासून पहिल्यांदाच जरा तरतरी आली. "चुकलो! बरं झालं सांगून ठेवलं होतं. नाई तर चुकलो हे कळलंच नसतं." ते चक्क खाली वाकले, कण्हले, आणि स्वतःच्या हातानं रेघेखाली दूर एक ठिपका दिला. "आपली रेघ फक्त तेलओढ पाह्यते. सिट्रल पटलात नुसतं बसून राहत नाई. ते पेशीतल्या प्रथिनांले धरते आन् त्यांची कामं बंद पाडते. अशा भांडखोर पदार्थांसाठी वेगळी रेघ लागते. ती माह्या हातून राहून गेली, बाई. तू काढजो."

माय म्हणाली, "म्हंजे निलगिरी टाकू?"

"नको," आबाजी म्हणाले. "सौम्य म्हंजे बिनविषारी नव्हे. आन् ज्या मात्रेनं शैवालाले काई होत नाई, तेवढ्यानं अळ्याही मरनार नाईत."

"मंग मच्छरांचं काय करू मी?" मायचा आवाज फुटला. "सांगा ना! काय करू? पुन्हा ताप आला तं?"

तेवढ्यात बगळ्या म्हणाला, "बॅटरी संपत आली आहे. त्यापूर्वी पाणीसाठा क्रमांक दोनची नोंद घ्यावी ही विनंती. पाणीसाठा क्रमांक एक, तलाव. काठच्या दहा नमुन्यांत डेंग्यूच्या डासाची अळी आढळली नाही. इतर अळ्या मासे खात आहेत. पाणीसाठा क्रमांक दोन, स्वच्छ, स्थिर, मासे नाहीत. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या भरपूर."

"कुठं आहे हा क्रमांक दोन?" आबाजी ओरडले.

बगळ्यानं चोच उचलली आणि कूलरकडे केली.

आम्ही कूलरची बाजूची जाळी काढली. तळाच्या टाकीतल्या नितळ पाण्यात बारीक अळ्या वळवळत खालीवर करत होत्या. डेंग्यूच्या डासाला तलाव नको असतो. त्याला घरातलं साठून राहिलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. गावात घरोघरी कूलर होते आणि घरोघरी ताप होता.

मायनं तोंडावर हात ठेवला. "तुले गरम होऊ नये म्हनून मीच रोज पानी टाकत होती," ती म्हणाली. "उपसलं कधी नाई. वरतून टाकत गेली फक्त."

मी तिला बिलगले. तिचा काहीच दोष नव्हता आणि ते मला सांगता येईना, म्हणून मी नुसतीच बिलगून राहिले. मग आम्ही दोघींनी टाकी उपसली, मातीत ओतली आणि आतून घासली. माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं गटातल्या बायकांना फोन लावला. "डोंगे काढू नका उद्या. कूलर उपसा, ड्रम उपसा. हो, आत्ताच. मीही थकली आहे, तरी उपसा." ओव्याचा डबा तिनं उचलून परत भट्टीवर न्यायला ठेवला. जाताना खडूच्या रेघेवर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालून गेली.

तिन्हीसांजेला आम्ही बगळ्याला तलावावर नेलं. उतरत्या उन्हात पाठीवरच्या सौरपाटीनं त्याची बॅटरी थोडी चार्ज झाली होती. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मायनं लावलेल्या वनस्पतींमध्ये पिल्लं सुळसुळत होती. पाणी हिरवट दिसत होतं. त्या हिरव्या रंगाकडे मी एवढ्या प्रेमानं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"प्राणवायू किती?" आबाजींनी विचारलं.

बगळ्यानं आकडा सांगितला. आबाजींनी मान डोलावली. माय मात्र पाण्याकडेच बघत होती. आता ऊन जाणार होतं आणि दिवसभर साठलेल्या श्वासावर सगळ्या तलावाला सकाळ गाठायची होती.

"बगळ्या," तिनं हळूच विचारलं, "रातभर पुरंल ना?"

"पुरेल," बगळ्या म्हणाला.

त्या रात्री कूलर बंद होता आणि घरात उकाडा मावत नव्हता. तरी माय माझ्या शेजारी आडवी झाली आणि सकाळपर्यंत गाढ झोपली.